कॅन्टनीज बोलणाऱ्या मुलांतला ॲप्राक्सिया: तपासणीपासून उपचारापर्यंत, टप्प्याटप्प्याने

टोरांटो, व्हँकुव्हर, सिडनी, लंडन इथं काम करणाऱ्या मराठी स्पीच थेरपिस्टकडे हाँगकाँगहून आलेल्या, कॅन्टनीज ही तिथली चिनी भाषा बोलणाऱ्या घरातलं मूल येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मूल तीन-चार वर्षांचं, समजतं सगळं, पण बोलायला गेलं की तोच शब्द दर वेळी वेगळा निघतो. ॲप्राक्सियाची, म्हणजे स्नायूंत ताकद असूनही बोलण्याच्या हालचाली मेंदूला नीट आखता न येण्याची, शंका येते आणि मग दोनपैकी एक चूक हमखास होते. एक तर इंग्रजीची लक्षणयादी जशीच्या तशी लावली जाते. नाहीतर ‘आधी व्यंजनं बसू देत, टोनचं नंतर बघू’ असं ठरतं. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते. कॅन्टनीजमध्ये टोन (शब्दाचा अर्थ ठरवणारी आवाजाची उंची किंवा चढ-उतार) हा सिलॅबलवर (एका स्वराभोवती एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर) वरून चढवलेला दागिना नाही. ओठ, जीभ आणि स्वरयंत्र यांची हालचाल एकाच वेळी जुळावी लागते, आणि ॲप्राक्सियात नेमकी ती जुळणीच बिघडलेली असते.

पुढचा क्रम कॅन्टनीज मातृभाषा नसलेल्या थेरपिस्टला समोर ठेवून लावला आहे. क्रम मोडू नका. सगळ्यात जास्त गोंधळ पहिले दोन टप्पे गाळल्यामुळे होतो.

लिहिण्याची रीत अशी: सिलॅबलला जोडलेला आकडा म्हणजे टोनचा क्रमांक. ‘फ’ म्हणजे ‘प’चं महाप्राण रूप, ‘फळ’ जुन्या वळणाने म्हणताना येतं तसं. दात ओठावर टेकवून येणारा उच्चार नुक्ता देऊन ‘फ़’ असा लिहिला आहे. ‘च’ म्हणजे ‘चाक’मधला च, ‘चिमणी’तला नव्हे.

टप्पा १: आधी स्वतःचा कान तयार करा

कॅन्टनीजमध्ये सहा टोन धरतात. १ उंच आणि सपाट, २ वर चढत उंच जाणारा, ३ मधला सपाट, ४ खाली उतरणारा, ५ खालून थोडाच चढणारा, ६ खालचा सपाट. ‘सी’ हा एकच सिलॅबल सहा टोनांत म्हटला की सहा शब्द होतात: सी१ कविता, सी२ इतिहास, सी३ करून पाहणं, सी४ वेळ, सी५ बाजार, सी६ काम किंवा बाब. शेवटी प, त, क असलेल्या सिलॅबलवर मुळात १, ३ आणि ६ एवढेच टोन येतात. उदाहरणार्थ सप१ म्हणजे ओलं आणि सप६ म्हणजे दहा.

टोन हा नेहमी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पट्टीत मोजायचा असतो. मुलाचा टोन ६ वडिलांच्या टोन १पेक्षा उंच असू शकतो. सुटा शब्द ऐकून ‘हा ३ की ६’ हे ठरवणं म्हणूनच अवघड जातं, मातृभाषिकालासुद्धा.

व्यंजनांत मराठी कानाला एक फायदा आहे. ज्युतपिंग या रोमन लेखनपद्धतीत ‘बी’ हे अक्षर आपल्या ‘प’साठी असतं आणि ‘पी’ हे ‘फ’साठी. तसंच ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ, ‘जी’ म्हणजे क आणि ‘के’ म्हणजे ख. पाउ१ म्हणजे वाफवलेला पाव आणि फाउ२ म्हणजे पळणं. यातला प-फचा फरक आपल्याला आयता कळतो. घोळ होतो तो इंग्रजीत शिकलेल्या हाताचा. तो रोमन ‘बी’ बघून वहीत ‘ब’ लिहितो आणि मग ‘मूल घोष व्यंजनाला अघोष करतं’ अशी नसलेली चूक अहवालात जाते. कॅन्टनीजमध्ये ब, द, ग हे घोष स्फोटक नाहीतच.

उलट, शेवटच्या व्यंजनांत मराठी कान फसतो. आपण ‘साप’, ‘नाक’ म्हणताना शेवटचा प किंवा क सोडतो, त्याचा बारीक फुटका आवाज येतो. कॅन्टनीजमध्ये तोंड बंद होतं आणि तसंच राहतं. आप३ म्हणजे बदक. यातला प ऐकू येत नाही. ओठ मिटलेले दिसतात आणि स्वर एकदम तुटतो. केवळ आवाजावर विसंबून लिहिलं तर निम्म्या वेळा ‘शेवटचं व्यंजन गाळलं’ अशी नोंद होईल. नुसता ऑडिओ नको, व्हिडिओ घ्या, तोही चेहऱ्यावर उजेड पडेल असा.

जोडव्यंजनांचा रकाना काढून टाका. क्व आणि ख्व सोडले तर या भाषेत जोडव्यंजनं नाहीत, आणि तीही एकच ध्वनी म्हणून धरतात.

*तपासा:* एखाद्या मातृभाषिक प्रौढाने म्हटलेले वीस-पंचवीस शब्द ऐकून टोन लिहा आणि उत्तरं ताडून बघा. १ आणि ४ सुद्धा चुकत असतील तर टोनचा निवाडा एकट्याने करू नका. त्यात कमीपणा नाही. चुकीच्या निवाड्यावर सहा महिने उपचार करण्यात आहे.

टप्पा २: दुभाषा आणि घरची बोली

दुभाष्याला आधी दहा मिनिटं बसवून तीन गोष्टी सांगा. मुलाला काय म्हणायचं होतं ते सांगू नका, तोंडातून काय निघालं ते सांगा. चुकलेला उच्चार मनात दुरुस्त करू नका. आणि मुलाला मदत करू नका, ओठ हलवूनही नाही. चांगला दुभाषा अर्थ पोचवायला शिकलेला असतो, त्यामुळे तो नकळत दुरुस्ती करतोच. शक्य असेल तर दुभाष्याला चित्रं न दाखवता फक्त आवाज ऐकवा आणि कुठला सिलॅबल, कुठला टोन ऐकू आला ते विचारा.

मग आई-वडिलांकडून, आणि मूल ज्यांच्याकडे दिवसभर असतं त्यांच्याकडून, तीच चित्रं वदवून घ्या. हाँगकाँगच्या बोलीत गेल्या काही पिढ्यांत बरेच उच्चार बदलले आहेत. ‘तू’साठी नेइ५ ऐवजी लेइ५, ‘मी’साठी ङो५ ऐवजी नुसतं ओ५, काही शब्दांत क्वच्या जागी क, शेवटी ङच्या जागी न, शेवटच्या कच्या जागी त. काही प्रौढांच्या बोलण्यात २ आणि ५, ३ आणि ६, किंवा ४ आणि ६ या टोनांतला फरकही पुसट झालेला असतो. तिथले वडीलधारे याला ‘आळशी उच्चार’ म्हणून नावं ठेवतात. थेरपिस्टने तसं म्हणायचं कारण नाही.

नियम सोपा: घरातलं मोठं माणूस जो फरक करत नाही, त्यासाठी मुलाचे गुण कापायचे नाहीत.

*सावध:* हाँगकाँगच्या पुष्कळ घरांत मूल दिवसभर फिलिपिन्स किंवा इंडोनेशियाहून आलेल्या मदतनीस बाईंकडे असतं. त्या कॅन्टनीज कशी बोलतात, मुलाशी इंग्रजीत बोलतात का, हे विचारा. मुलाच्या टोनवर त्याचा परिणाम असू शकतो, आणि पुढे घरच्या सरावाची मदारही बहुधा त्यांच्यावरच असते.

टप्पा ३: बाकीची कारणं आधी बाजूला करा

श्रवणचाचणी ताजी हवी. कान वाहण्याचा इतिहास असेल तर मधल्या कानाचीही तपासणी हवी. तोंडाची रचना, जीभ-ओठांची ताकद, लाळ, चावणं-गिळणं बघा. स्नायूंचा अशक्तपणा किंवा ताठरपणा दिसला तर डिसार्थ्रियाचा (स्नायूंच्या दुबळेपणामुळे येणाऱ्या उच्चारदोषाचा) विचार आधी, आणि न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी. हा भाग इंग्रजी मुलासाठी करता तसाच करायचा.

यात एक भर घाला: टोन ऐकून ओळखता येतो का? मा४ मा१ म्हणजे आई, मा४ मा४ म्हणजे वडिलांची आई. दोन्हींत फरक फक्त दुसऱ्या सिलॅबलच्या टोनचा. दोघींचे फोटो समोर ठेवायचे, रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा आणि मुलाला बोट दाखवायला सांगायचं. सप१ आणि सप६ अशा, फक्त टोनचा फरक असलेल्या आणखी जोड्या घ्या. मुलाला ऐकूनच फरक कळत नसेल तर म्हणताना झालेली चूक लगेच ॲप्राक्सियाच्या खात्यात टाकता येत नाही.

टप्पा ४: बोलण्याचा नमुना गोळा करा

इथे घाई नको. दोन भेटी लागल्या तर लागू द्या.

पहिलं, खेळतानाचं मोकळं बोलणं. दुसरं, चित्रं बघून नावं सांगणं. हाँगकाँगमध्ये यासाठी २००६मध्ये आलेली कॅन्टनीज उच्चार चाचणी वापरतात. ती ध्वनींचा साठा दाखवते, पण ॲप्राक्सिया ओळखण्यासाठी ती बनलेली नाही. नाव एकदाच विचारलं तर उच्चार बदलता आहे की नाही हे कळणारच नाही.

म्हणून तिसरं: पंचवीस ओळखीचे शब्द, प्रत्येक तीनदा, एकाच भेटीत, पण मधे दुसरा खेळ घालून. लागोपाठ तीनदा म्हणवलं तर मूल स्वतःचीच नक्कल करतं. इंग्रजीत पंचवीसपैकी दहा किंवा जास्त शब्द, म्हणजे ४० टक्के, बदलते निघाले तर ‘अस्थिर उच्चार’ म्हणतात. हा आकडा कॅन्टनीजसाठी अंदाजापुरता धरा, आणि बदल मोजताना टोनचा बदलही मोजा.

चौथं, लांबी वाढवत नेणं. कॅन्टनीजमधले बरेचसे रोजचे शब्द एका-दोन सिलॅबलचे असतात. इंग्रजीसारखे चार-पाच सिलॅबलचे शब्द शोधत बसू नका, शब्दाला शब्द जोडा. पा१ सी२ म्हणजे बस. पा१ सी२ चाम६ म्हणजे बसथांबा. ताप३ पा१ सी२ म्हणजे बसने जाणं. या शेवटच्या उदाहरणात एक खोच आहे. ‘ताप’चा शेवटचा प पुढच्या ‘पा’त मिसळून जातो, त्यामुळे टोन आणि लांबीसाठी हे वाक्य चांगलं, शेवटचं व्यंजन तपासायला निरुपयोगी. शेवटच्या व्यंजनासाठी सुटं आप३ घ्या.

पाचवं, नक्कल. पा-ता-का एकाच टोनवर, मग मा१ मा४ मा१ मा४ असं टोन बदलत. टोनांच्या अशा साखळ्या म्हणवून घेण्यावर हाँगकाँगमध्ये ॲप्राक्सियाच्या संदर्भात संशोधनही झालं आहे. जमत नसेल तर वेग कमी करा, पण थांबत-थांबत म्हटलेली साखळी ‘जमली’ म्हणून लिहू नका.

टोन मोजायला एक युक्ती फार कामाची आहे. ‘हे … आहे’ याला कॅन्टनीजमध्ये नी१ को३ हाइ६ … म्हणतात. या तीन सिलॅबलवर उंच, मधला आणि खालचा असे तिन्ही सपाट टोन ओळीने येतात. मूल हे एवढं म्हणू शकत असेल तर पुढच्या शब्दाचा टोन मोजायला मुलाच्याच आवाजाची फूटपट्टी हातात मिळते. प्राटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची उंची-रेषा काढली तर संशय असलेल्या शब्दांचा निकाल लागतो. मात्र ही तीन पावलंच मुलाला नीट येत नसतील तर तिच्यावर विसंबू नका.

*सावध:* प्रश्नाच्या सुरात शब्द पुढे करू नका. ‘माउ१?’ असं शेवट वर नेऊन विचारलं की टोन १ कानाला टोन २सारखा लागतो, आणि मूल तुमचीच चूक उचलतं. (मांजराला कॅन्टनीजमध्येही माउच म्हणतात, मराठी माणसाला पाठ करावं लागत नाही. पण आपण लाडाने म्हणतो त्या हेलात तो शब्द तिथं चालत नाही.) नमुना मातृभाषिकाच्या रेकॉर्डिंगमधूनच द्यावा.

टप्पा ५: नोंद सिलॅबलवार करा

बरोबर-चूक असा एकच रकाना ठेवला तर पुढचं सगळं वाया जातं. प्रत्येक सिलॅबलसाठी पाच रकाने हवेत: सुरुवातीचं व्यंजन, स्वर, शेवटचं व्यंजन, टोन, आणि पुढच्या सिलॅबलकडे जाण्याची वाट. शेवटच्या रकान्यात मधला थांबा, ओढलेला स्वर, तोंड चाचपडणं हे लिहायचं.

समजा शब्द आहे फ़ेइ१ केइ१, म्हणजे विमान. मूल पहिल्यांदा म्हणतं पेइ१ केइ१. दुसऱ्यांदा हेइ३ एइ१. तिसऱ्यांदा फ़ेइ१, मग थांबतं, ओठ दोनदा जुळवून बघतं आणि म्हणतं तेइ३. एका रकान्यात हे ‘तीनदा चूक’ एवढंच दिसेल. पाच रकान्यांत बरंच काही दिसतं. स्वर तिन्ही वेळा टिकला. फ़ एकदा बरोबर आला, म्हणजे तो येतच नाही असं नाही. टोन दोनदा घसरला, एकदा पहिल्या सिलॅबलवर, एकदा दुसऱ्यावर, आणि दोन्ही वेळा १चा ३ झाला, म्हणजे आवाज पुरेसा वर गेला नाही. तिसऱ्या वेळी वाट तुटली. हीच माहिती उपचारात लागते.

टोनची चूक लिहिताना ‘चूक’ एवढं न लिहिता कुठल्याचा कुठला झाला ते लिहा. दर वेळी २चा ५ होत असेल आणि घरातही तसंच असेल तर ती चूक नव्हेच. कधी १चा ३, कधी १चा ४, कधी बरोबर, असं असेल तर कान टवकारा.

*तपासा:* दहा टक्के शब्द दुसऱ्या ऐकणाऱ्याकडून पुन्हा लिहून घ्या. टोनच्या रकान्यात फार तफावत आली तर टप्पा २कडे परत जा.

टप्पा ६: निदान ठरवताना

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या २००७च्या अहवालात ॲप्राक्सियाची तीन लक्षणं मानली आहेत: तोच शब्द परत म्हणताना व्यंजन-स्वरांच्या चुका बदलत राहणं, ध्वनीकडून ध्वनीकडे, सिलॅबलकडून सिलॅबलकडे जाताना अडखळणं किंवा ताणणं, आणि लय-हेल बिघडणं, विशेषतः शब्दातल्या आघाताचा (एखाद्या सिलॅबलवर दिलेल्या जोराचा). पहिली दोन कॅन्टनीजला बऱ्यापैकी लागू पडतात. अडचण तिसऱ्याची आहे.

इंग्रजीत आघात शब्दाचा अर्थ बदलू शकतो, आणि ॲप्राक्सियाची मुलं सगळे सिलॅबल सारख्याच जोराने म्हणतात हे लक्षण मानतात. कॅन्टनीजमध्ये बहुतेक सिलॅबल तसेच, जवळपास सारख्या वजनाने येतात. ते बघून ‘सिलॅबल सुटे आणि सपाट’ अशी खूण केली तर बोलण्यात काहीही दोष नसलेली मुलंही त्यात सापडतील. दुबळा सिलॅबल गाळणं, हेही लक्षण इथं उपयोगाचं नाही. त्या जागी टोन बघा: अचूक आहेत का, आणि परत म्हणताना टिकतात का. इंग्रजीची कुठली लक्षणं कॅन्टनीजला चालतात यावर हाँगकाँगमध्ये तज्ज्ञांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घेऊन अभ्यास झाला आहे. कॅन्टनीज मुलांसोबत नेहमी काम करणाऱ्याने तो वाचावा.

वयाचा हिशेब ठेवा. कॅन्टनीज मुलं साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत टोनांचा फरक करायला लागतात, सुरुवातीची सगळी व्यंजनं बसायला पाच-सहा वर्षं लागतात. काटेकोरपणे ऐकलं तर टोन मोठ्यांइतके नेमके व्हायलाही आणखी वेळ लागतो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाचा टोन ५ जरा अस्पष्ट असणं वेगळं आणि १चा ४ होणं वेगळं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती अस्थिर ध्वनिदोष या दुसऱ्या उच्चारदोषाशी. तिथंही शब्द दर वेळी बदलतो. फरक असा की अशी मुलं समोर बघून नक्कल करताना बरीच सुधारतात, तोंड चाचपडत नाहीत आणि त्यांचे टोन बहुधा शाबूत असतात. ॲप्राक्सियाच्या मुलाला नक्कलही तितकीच जड जाते, लांबी वाढली की आणखी. एका लक्षणावर शिक्का मारू नका.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या अहवालात ‘ॲप्राक्सियाची शंका’ एवढंच लिहा आणि उपचार सुरू करा. एक किरकोळ पण खरी अडचण: हाँगकाँगच्या पालकांना ‘चाइल्डहूड ॲप्राक्सिया ऑफ स्पीच’ या आजाराच्या इंग्रजी नावाची ‘सीएएस’ ही आद्याक्षरं बघून तिथल्या आरोग्य विभागाची बालतपासणी सेवा आठवते, कारण तिचीही आद्याक्षरं तीच. अहवालात आजाराचं नाव पूर्ण लिहा.

टप्पा ७: कोणते शब्द घ्यायचे

मूल जवळपास बोलतच नसेल तर चार ते सहा शब्द पुरे. जास्त घेतले की प्रत्येकाची पुनरावृत्ती कमी होते. निवडताना तीन चाळण्या लावा.

पहिली, कामाचा शब्द. फोउ५ (उचलून घे), होइ१ (उघड), म्४ यिउ३ (नको), चुङ६ यिउ३ (अजून हवं). ‘नको’ म्हणता येणं या वयात रंगांच्या नावांपेक्षा कितीतरी मोलाचं. म्४मध्ये स्वरच नाही, नुसता म आणि टोन; ओठ मिटून आवाज खाली नेला की शब्द झाला. कमी हालचालीत टोन शिकवायला यासारखा शब्द नाही.

दुसरी, ध्वनी मुलाच्या साठ्यातले हवेत. ॲप्राक्सियात नवा ध्वनी शिकवायचा नसतो, आहेत ते जोडायला शिकवायचे असतात. नवा ध्वनी आणि नवा टोन-बदल एकाच शब्दात घेऊ नका.

तिसरी, टोनची वाट. नातेवाइकांची नावं इथं सोन्यासारखी आहेत. मा४ मा१ (आई), पा४ पा१ (बाबा), को४ को१ (दादा), कुङ४ कुङ१ (आईचे वडील): सगळ्यांत तोच सिलॅबल दोनदा, आणि टोन सगळ्यात खालून सगळ्यात वर. जिभेला नवं काम नाही, फक्त आवाजाला आहे. मग फो४ फो२ (आईची आई) आणि मुइ४ मुइ२ (धाकटी बहीण), म्हणजे खालून चढता. सुरुवात १ आणि ४ या लांबच्या जोडीने करा, मग २, त्यानंतर ३ आणि ६. ५ शेवटी.

*सावध:* इंग्रजी उपचारपद्धती भाषांतर करून आणू नका. सिडनी विद्यापीठात तयार झालेली रेस्ट ही पद्धत निरर्थक शब्दांत जोरदार-दुबळ्या सिलॅबलचे साचे म्हणवून घेते. कॅन्टनीजमध्ये तो साचाच नाही. वेगाने एका सिलॅबलवरून दुसऱ्यावर जाण्याचा सराव, हे तिचं तत्त्व घ्या आणि आघाताच्या जागी टोनचे साचे ठेवा. मात्र असा बदललेला प्रयोग मूळ पद्धतीच्या नावाने अहवालात लिहू नका.

टप्पा ८: सेशन कसं चालवायचं

लहान आणि गंभीर त्रास असलेल्या मुलासाठी डीटीटीसी (डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग) या उपचारपद्धतीची, मदत पायरीपायरीने कमी करत नेणारी उतरंड वापरता येते:

१. एकत्र म्हणणं. मूल तुमच्या तोंडाकडे बघतंय, दोघं सावकाश एकाच वेळी म्हणता.
२. तुम्ही म्हणता, लगेच मूल म्हणतं. गरज पडली तर तुम्ही आवाज न काढता ओठ हलवता.
३. तुम्ही म्हणता, दोन-तीन सेकंद थांबता, मग मूल म्हणतं.
४. चित्र किंवा प्रसंग बघून मूल आपणहून म्हणतं.

चुकलं की एक पायरी खाली, जमलं की वर. हे एका शब्दातही दोन-तीनदा होतं. तिसरी पायरी गाळून थेट चौथीवर जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. शब्द सेशनमध्ये येतो आणि घरी येत नाही, याचं कारण बहुतेकदा तेच.

तुमचे टोन पक्के नसतील तर पहिल्या दोन पायऱ्या पालकाला किंवा मातृभाषिक सहकाऱ्याला समोर बसवून करा. तुम्ही बाजूला बसून कधी कमी मदत, कधी जास्त, ते ठरवा. रेकॉर्डिंग लावून ‘एकत्र म्हणणं’ होत नाही. रेकॉर्डिंग मुलासाठी थांबत नाही.

टोनसाठी हाताने हवेत रेघ काढण्याचा आधार चांगला चालतो: वर सपाट, खाली उतरती, चढती. रेघ आणि आवाज बरोबर सुरू व्हावा आणि बरोबर संपावा. पण हात लवकर काढून घ्या. तिसऱ्या पायरीपर्यंत हात निघाला नाही तर मूल हाताकडे बघितल्याशिवाय टोन लावत नाही.

सावकाश म्हणताना एक पथ्य पाळा. मा४ मा१, होइ१ असे सिलॅबल ताणले तर टोनची रेघ जास्त स्पष्ट होते. सप१, आप३, सिक६ (खाणं) ताणले तर शब्दच मोडतो, कारण शेवटची व्यंजनं स्वर तोडूनच येतात. अशा शब्दांत वेग कमी करायचा तो दोन सिलॅबलच्या मधे नव्हे, आधीच्या लांब सिलॅबलमध्ये.

पुनरावृत्ती मोजा. लहान सेशनमध्येही शंभराच्या आसपास प्रयत्न व्हावेत. खेळ असा निवडा की एका वळणात एकदा नव्हे, पाचदा म्हणावं लागेल. चिकटवायचे स्टिकर, ओळीत लावायच्या गाड्या चालतात. फासे टाकून सोंगट्या चालवायचा खेळ चालत नाही, अर्धा वेळ फासे शोधण्यात जातो. सुरुवातीला एकच शब्द सलग घ्या, जमू लागला की शब्द मिसळा. प्रतिक्रियाही तशीच: आधी दर वेळी आणि नेमकी (‘आवाज अजून वर’), मग अधूनमधून आणि फक्त ‘जमलं’ किंवा ‘नाही’.

गाणी? कॅन्टनीज गीतकार शब्दांचे टोन चालीशी जुळवून घेतात, म्हणून तिथली चांगली बालगीतं सरावाला उत्तम. इंग्रजी बालगीताच्या चालीवर कॅन्टनीज शब्द बसवले तर चाल टोन चुकवते आणि मूल तो चुकलेला टोन घोकतं.

*तपासा:* आठवड्याला किती सेशन? गंभीर ॲप्राक्सियासाठी आठवड्यातून तीन ते पाच भेटींची शिफारस आहे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रेस्ट आणि नफील्ड या ॲप्राक्सियावरच्या दोन उपचारपद्धतींची तुलना करणाऱ्या चाचणीत ४ ते १२ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, तीन आठवडे उपचार दिले, आणि दोन्ही गट सुधारले. आठवड्याला एकच भेट मिळत असेल तर शब्दांची संख्या आणखी कमी करा आणि पुढच्या टप्प्यावर जास्त जोर द्या.

टप्पा ९: घरचा सराव

पालकांना कागद देऊन भागत नाही. सेशनच्या शेवटी त्यांच्याकडून एक शब्द तुमच्यासमोर करून घ्या. रोज पाच-पाच मिनिटं, दोन-तीनदा. घरी फक्त तेच शब्द द्या जे मुलाला तिसऱ्या पायरीवर जमतात. न जमणारे शब्द दिले तर मूल चुकीची हालचालच पक्की करतं.

घरच्या माणसांच्या तोंडून दोन वाक्यं बंद करायला सांगा: ‘नीट म्हण’ आणि ‘हळू म्हण’. त्याऐवजी ते स्वतः एकदा बरोबर म्हणतील आणि मुलासोबत म्हणतील. मदतनीस बाई कॅन्टनीज टोनांत कच्च्या असतील तर त्यांना पुनरावृत्ती मोजायला आणि रेकॉर्डिंग करायला सांगा, नमुना द्यायला नको.

चित्रांचं पुस्तक किंवा टॅबलेटवरचं संवाद-ॲप लागत असेल तर बोलण्याच्या सरावासोबतच सुरू करा. आणि ‘इंग्रजी शाळा आहे, मग कॅन्टनीज बंद करू का’ या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं द्या. आजी-आजोबा ज्या भाषेत बोलतात ती काढून घेतली तर मुलाच्या बोलण्याचे अर्धे प्रसंगच जातात.

टप्पा १०: मोजा आणि बदला

सेशनच्या सुरुवातीला, सराव होण्याआधी, दहा शब्द विचारा: पाच शिकवलेले, पाच न शिकवलेले पण तशाच टोन-वाटेचे. प्रतिक्रिया देऊ नका, आधार देऊ नका. गुण पुन्हा पाच रकान्यांत. सेशनच्या शेवटी आलेले गुण जमेला धरू नका, ते ताज्या सरावाचे असतात.

रकाने वेगवेगळे वाचा. व्यंजनं सुधारली आणि टोन जागच्या जागी असतील तर ध्वनी बदलू नका. तेच शब्द ठेवून टोनचा आधार परत आणा. टोन सुधारले पण वाट तुटते आहे, तर शब्द नव्हे, जोडी बदला: मा४ मा१पुढे एक सिलॅबल घाला. शिकवलेले शब्द जमतात आणि न शिकवलेले जमत नाहीत, तर सलग सराव फार झाला, शब्द मिसळा. दोन भेटींत ८० टक्के आणि न शिकवलेल्यातही हालचाल दिसली की तो शब्द सरावातून काढा आणि त्याच टोन-वाटेचा नवा घ्या.

तीन-चार आठवडे काहीच हललं नाही तर वेळ वाढवण्याआधी पुन्हा एक श्रवणचाचणी करून घ्या आणि टोन ओळखण्याची चाचणी पुन्हा लावा. सर्दी-कानाच्या हंगामात कारण तिथंच सापडू शकतं. मूल शाळेत गेल्यावर वाचनाकडेही लक्ष ठेवा. शिक्षकांना लेखी कळवा की हे मूल मोठ्याने वाचताना अडखळलं म्हणजे त्याला अक्षर ओळखता आलं नाही असं नव्हे, आणि तोंडी परीक्षेत त्याला जास्त वेळ द्या.